झोपून जायची गाडी

किस्से जमतात कसे, याचं उत्तर मला आता सापडलंय. शहाणी माणसं गाडी बिघडली की ती गॅरेजमध्ये देतात आणि घरी येऊन जेवतात. त्यांच्याकडे सांगायला काही उरत नाही. आमच्यासारखे चार अर्धवट स्वतःच पाना हातात घेतात, आणि मग पुढची तीस वर्षं कुणाचं बारसं असो की कुणाची साठी, पंगत उठली की कोणीतरी म्हणतंच, "अरे, तो दह्याचा किस्सा सांग रे." एकाने सुरुवात केली की बाकीचे तिघं त्याच्या चुका काढतात. म्हणून म्हटलं, एकदा मीच सगळं सांगून टाकतो, मध्ये बोलायला कोणी नसताना.

सावंतदादा, भोईर आणि मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात होतो. दादा फिटर, आमच्याहून दहा वर्षांनी मोठे. भोईर वेल्डर, जांभूळ गावचा. मी मोहिते, वायरमन. चौथा हरेश, उल्हासनगरचा. त्याचं सोफ्यांचं आणि गाद्यांचं दुकान. आमच्या ऑफिसच्या खुर्च्या तो शिवून द्यायचा, तिथून दोस्ती झाली. ही गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची.

दादांच्या बायकोला, सुलभावहिनींना, कात्रपच्या राहत्या बिल्डिंगच्या जिन्यावर पडून मणक्याला मार लागला होता. ऑपरेशन झालं, घरातल्या घरात चालायला लागल्या, पण डॉक्टरांनी बजावलं, "प्रवास करायचा तर आडवं झोपून. बसून धक्के खायचे नाहीत." वहिनींचं माहेर खेडच्या पुढे आत. तिथे नव्वदीला टेकलेली आई. आईला इकडे यायला होत नव्हतं, लेकीला तिकडे जाता येत नव्हतं. असं तीन वर्षं चाललं होतं. वहिनी तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. पण गावाहून पत्र आलं की दुसऱ्या दिवशी दादांच्या डब्यात नुसता वरणभात असायचा. मग आम्ही आपापल्या डब्यातली भाजी त्यांच्याकडे सरकवायचो.

\* \* \*

कारखान्याची एक गाडी बॉयलरच्या मागे चार पावसाळे उभी होती. मिनीबसएवढी, डिझेलची. पूर्वी फिरता दवाखाना म्हणून आसपासच्या गावांतून हिंडायची. आत औषधांचं कपाट, बेसिन, पाण्याची टाकी, वर पंखा. ती भंगारात निघाली, तेव्हा दादा अर्ज लिहून मॅनेजरसाहेबांसमोर उभे राहिले.

साहेब म्हणाले, "सावंत, तुम्ही हिचं काय करणार?"

"बायकोला माहेरी न्यायचंय, साहेब."

"मग एसटीने न्या की."

"एसटीत आडवं पडू देत नाहीत, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केली.

दोरखंड लावून आम्ही ती गाडी जांभूळला भोईरच्या अंगणात आणली. भोईरची आई दारात आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि लेकाला विचारलं, "यो मेलेला हत्ती कनाला आणलास दारान?"

\* \* \*

आमच्यापैकी कोणीही त्याआधी गाडीचं इंजिन उघडलेलं नव्हतं. म्हणून सल्ल्यासाठी कल्याणचा एक नावाजलेला मेकॅनिक आणला. तो आला, टायरला लाथ मारली, बॉनेट उघडलं, बंद केलं.

"चलेगी?" दादांनी विचारलं.

"इसको फूल चढ़ाओ," असं म्हणून तो रिक्षात बसून गेला.

दादा त्या दिवशी भयंकर चिडले. ते चिडले की बोलत नाहीत, काम करतात. सहा रविवार त्यांनी त्या इंजिनाचा एकेक भाग धुतला. गॅस्केट स्वतः कापलं. सातव्या रविवारी आम्ही गाडी उतारावरून ढकलली. ती खोकली, धूर सोडला आणि तीन पायांवर नाचल्यासारखी चालू झाली. कारखान्यात बेअरिंगचा आवाज ऐकायला दादा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचे आणि मूठ कानाला. तेच त्यांनी इथे केलं. चारही सिलिंडर एकामागून एक तपासले, अगदी डॉक्टरसारखे. मग म्हणाले, "तिसरा बोलत नाही."

तिसऱ्याचं नोझल काढलं, तर ते चोंदलेलं. साफ करून बसवल्यावर तिसराही बोलायला लागला.

दुपारी हरेशने बाजारातून झेंडूची ही मोठी माळ आणली. गाडीच्या तोंडाला बांधली आणि आम्ही चौघं थेट कल्याणला त्या मेकॅनिकच्या गॅरेजसमोर जाऊन हॉर्न वाजवत उभे राहिलो. तो हात पुसत बाहेर आला. दादा खिडकीतून शांतपणे म्हणाले, "आपने बोला था ना? चढ़ाया."

\* \* \*

आमच्या शिफ्ट वेगवेगळ्या. दादा फर्स्टला असले की मी सेकंडला, भोईर कधी कधी नाइटला. मग कोणी काय केलं ते दुसऱ्याला कळणार कसं? त्यावर दादांनी कारखान्यातलाच उपाय काढला. गाडीच्या दाराला खिळा ठोकून एक रजिस्टर टांगलं. येणाऱ्याने आधी वाचायचं, जाताना लिहून सही करायची. मेंटेनन्सवाल्याचा रजिस्टरवर जितका विश्वास असतो तितका बायकोवरही नसतो.

एके दिवशी दादांनी लिहिलं, "डाव्या बाजूला वहिनींचा पलंग येणार. डावीकडचं सगळं कापून काढणे."

आता गंमत बघा. कारखान्यात आम्ही मशीनच्या समोर उभे राहतो, त्यामुळे डावं-उजवं ठरतं ते समोर उभ्या माणसाचं. दादांनी बॉनेटसमोर उभं राहून डावं ठरवलं. भोईर गावात टेम्पो चालवायचा. तो स्टिअरिंगवर बसला आणि त्याने ड्रायव्हरचं डावं धरलं. दादांना कपाट काढून हवं होतं. भोईरने टाकीसकट बेसिन कापून काढलं आणि खाली लिहिलं, "काम ओके."

रविवारी आम्ही गेलो तेव्हा बेसिन अंगणात होतं आणि भोईरच्या आईच्या कोंबड्या त्यात पाणी पीत होत्या. म्हातारी ते परत द्यायला तयार होईना. "रजिस्टरमधे लिवलंय ना, काम ओके?" तिला सगळं कळायचं.

शेवटी तिला एक मोठं घमेलं आणून दिलं आणि बेसिन मूळ जागी वेल्ड झालं. त्याच दिवशी दादांनी ब्रश घेऊन गाडीच्या पुढच्या काचेखाली एका कोपऱ्यात "डावी" आणि दुसऱ्या कोपऱ्यात "उजवी" असं ठळक रंगवून टाकलं.

\* \* \*

मग पलंग. भोईरचं आयुष्य प्रेस मशीनचे पाये बांधण्यात गेलेलं. त्याने वहिनींसाठी लोखंडी चॅनलचा असा पलंग केला की गाडी मागून टेकलीच.

दादा म्हणाले, "अरे, तुझ्या वहिनीचं वजन पंचेचाळीस किलो आहे."

"असू द्या. दोन टनापरत काय होनार नाय."

गाडी मागून उचलायची म्हणून आम्ही स्प्रिंगचे पाटे वाढवले. गाडी उचलली गेली, पण इतकी कडक झाली की खड्डा आला की टोपी उडायची. ज्या धक्क्यापासून वहिनींना वाचवायचं होतं, तोच आम्ही मेहनत करून तयार केला होता. दादा त्या रविवारी पायरीवर डोकं धरून बसले. मला तेव्हा खरंच वाटलं की संपलं सगळं.

भोईरची आई भाकऱ्या घेऊन आली. काय झालंय ते तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दही लावा नि फिरवा. दही लागला तर तुमची बाय झोपंल."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. धक्का मोजायचं याहून चांगलं यंत्र आमच्या कारखान्यातही नव्हतं. पंचेचाळीस किलो वाळूचं पोतं पलंगावर, त्याच्यावर फडक्यात गुंडाळलेला विरजण लावलेल्या कोमट दुधाचा डबा, आणि सकाळपासून दुपारपर्यंत बारवी धरणाच्या रस्त्याने चकरा. पहिल्या रविवारी डबा उघडला, तर आत पातळ ताक. म्हातारीने बोट घालून चाखलं आणि मान हलवली.

मग पलंग कापून हलका केला. वाढवलेले पाटे काढले, त्यांच्याबरोबर मूळचाही एक काढला. शॉकअप बदलले, टायरची हवा कमी केली. दुसऱ्या रविवारी निम्मं दही, निम्मं पाणी. पुन्हा गाडीखाली शिरलो. तिसऱ्या रविवारी म्हातारीने डबा उघडला, बघितलं, आणि तो आमच्यासमोर उपडा धरला. एक थेंब पडला नाही!

दादांनी त्यातलं अर्धं दही कात्रपला नेलं. वहिनींनी खाऊन विचारलं, "कुठलं हो? छान लागलंय."

"दोनदा बारवीला जाऊन आलंय," दादा म्हणाले.

वहिनींनी वाटी पुसून खाल्ली. मग म्हणाल्या, "मग मी जाईन."

\* \* \*

माझं काम वायरिंगचं. ते मी कारखान्याच्या पद्धतीने केलं. पॅनेल, हिरवा दिवा, लाल दिवा, प्रत्येक स्विचवर पट्टी. आणि कुठल्याही मशीनला असतं तसं वहिनींच्या हाताशी एक मोठं लाल इमर्जन्सी बटण. पाठीत जरा जरी चमक आली तरी त्यांनी ते दाबायचं, पुढे ड्रायव्हरला भोंगा ऐकू येईल. भोंगा म्हणून स्टोअरच्या भंगारातून जे हाताला लागलं ते बसवलं. ते कुठलं होतं हे मी त्या वेळी तपासलं नाही, ही माझी चूक.

ट्रायलला हरेश पलंगावर झोपला. एमआयडीसी नाक्यावर चहाच्या टपऱ्यांसमोरून जाताना तो म्हणाला, "साईं, बटन चेक करूं क्या?" आणि उत्तराची वाट न बघता दाबलं.

तो आमच्याच कारखान्याचा जुना शिफ्टचा भोंगा होता. टपरीवर निवांत बसलेले पंधरा-वीस कामगार ग्लास खाली ठेवून उठले आणि गेटकडे धावत सुटले. एकजण तर सायकल विसरून गेला. दुसऱ्या दिवशी टाइमकीपर म्हणाला की सेकंड शिफ्टला माणसं इतकी लवकर आलेली त्याने नोकरीत पहिल्यांदा बघितली.

\* \* \*

हरेशने कात्रपला जाऊन वहिनींच्या झोपायच्या कॉटचं माप घेतलं, त्या कशा कुशीवर झोपतात ते विचारलं, डॉक्टरांचा कागद मागून वाचला. महिनाभराने गादी आली. मापाला चोख, कमरेला नेमका आधार. पण रंग! लालभडक मखमल, कडेला सोनेरी गोंडे.

"अरे, ही काय नवरीची गाडी आहे का?" मी म्हणालो. "साधी पांढरी करायची."

हरेश पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "पांढरी तो हॉस्पिटलमें होती है. ऑपरेशनला ती त्याच्यावरच झोपली ना? बहन मायके जा रही है, मोहिते. पांढऱ्यावर जाईल?"

गादी लालच राहिली. या बाबतीत तो आम्हा तिघांपेक्षा शहाणा निघाला.

मग आरटीओ. इन्स्पेक्टर गाडीभोवती फिरले. ब्रेक बघितले, दिवे बघितले, सगळं ठीक. पुढे येऊन काचेखालचं "डावी" आणि "उजवी" वाचलं.

"हे कोणासाठी?"

"आमच्यासाठी, साहेब," दादा म्हणाले.

ते आत चढले. लाल मखमल आणि गोंडे बघून थबकले. "पेशंटची गाडी म्हणून कागद आहेत. ही तर वरात दिसते."

हरेशने त्यांना सगळं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. साहेबांनी ऐकून घेतलं, गादी हाताने दाबून बघितली आणि विचारलं, "ही कुठे मिळेल? माझीही कंबर धरते." फिटनेस झाला. आणि त्यांची गादी हरेशने निळ्या रंगात केली.

\* \* \*

मार्चमधल्या एका सकाळी कात्रपहून निघालो. सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. भोईर स्टिअरिंगवर, दादा त्याच्या शेजारी, मी आणि हरेश मागे वहिनींजवळ. पनवेल गेलं, वडखळ गेलं, महाड गेलं. वहिनींना झोपून खिडकीतून नुसते झाडांचे शेंडे दिसत होते, आणि तेवढ्यावरून त्या गावं ओळखत होत्या.

कशेडी घाटात, ऐन वळणावर, भोंगा वाजला.

भोईरने असा ब्रेक मारला की मी आणि हरेश एकमेकांच्या मांडीवर. मागचा ट्रकवाला शिव्या देत बाजूने गेला. दादा पांढरेफटक पडून धावत मागे आले. "काय झालं? कुठे दुखतंय? सुलभा, बोल ना!"

वहिनी म्हणाल्या, "दुखत नाहीये कुठे. लग्न झाल्यापासून या घाटात दर वेळी मला थांबावंसं वाटायचं. एसटीवाल्याला सांगायची सोय नव्हती."

आम्ही तिथे चांगले अर्धा तास थांबलो. दरीच्या बाजूचं दार उघडून दिलं. वहिनी पडल्या पडल्या खाली बघत राहिल्या. भोईर मला हळूच म्हणाला, "बटन तू चांगला बसवला." माझ्या कामाचं त्याने केलेलं हे एकमेव कौतुक.

\* \* \*

गाव आलं ते दुपारी. रस्ता देवळापाशी संपला. घर खाली, चिऱ्यांच्या चाळीसेक पायऱ्या उतरून. वहिनींना पायऱ्या मना होत्या, म्हणून आम्ही स्ट्रेचर बरोबर घेतलं होतं. कोणी कुठला कोपरा धरायचा तेही ठरलेलं. दादा सांगायला खाली गेले आणि आम्ही स्ट्रेचरचे पट्टे सोडत होतो, तेवढ्यात पायऱ्यांवरून काठीचा आवाज आला.

वहिनींची म्हातारी आई स्वतः वर येत होती. गेल्या पावसाळ्यापासून ती अंगणाच्या बाहेर पडलेली नव्हती, असं तिचा पुतण्या मागून ओरडत सांगत होता. दादा तिचा दंड धरायला बघत होते, ती तो झटकत होती. "तिला कशाला खाली नेता? तिच्या मणक्याचं माहीत नाय का? मी येते."

ती गाडीजवळ पोचली. भोईरने पायरी म्हणून उलटी बादली ठेवली. ती चढली. आतून एकच आवाज आला, "आलंस गो बाय?" आणि वहिनींचा, "आये."

आम्ही चौघं बाहेर गाडीकडे पाठ करून उभे राहिलो आणि समोरच्या फणसाच्या झाडाकडे बघत बसलो. मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही. हरेश तर उघड रडत होता. मला वाटलं, झालं. दीड वर्ष ज्याच्यासाठी हात काळे केले ते आज झालं.

बराच वेळ गेला. मग आतून काहीतरी ठोकल्याचा आवाज यायला लागला. म्हातारी काठीने गाडीचा पत्रा वाजवून बघत होती. बेसिनचा नळ सोडला, बंद केला. पंखा लावून घेतला. हरेशच्या गोंड्यावरून हात फिरवला. मग हाक आली, "जावयबापू, आत या."

आम्ही सगळेच दाराशी गेलो. ती पलंगाच्या कडेला, लेकीच्या पायांशी बसली होती.

"ही तुम्ही केलीत?"

"आम्ही चौघांनी," दादा म्हणाले.

"धक्के नाय बसत?"

"मला झोप लागली होती, आये," वहिनी म्हणाल्या.

म्हातारीने मान डोलावली. खिडकीतून पलीकडच्या डोंगराकडे बघितलं. मग म्हणाली, "मग हिला घरात न्यायची घाई करू नका. आधी मला माझ्या माहेरी नेऊन आणा."

 वहिनींनी आईचा हात धरला. "आये, मी जन्मले त्यानंतर तू कधी गेली नाहीस. आता कोण आहे तिथे?"

"कोण नसेल. विहीर असेल ना?"

एवढं बोलून तिने चपला काढल्या, पलंगाखाली जोडून ठेवल्या, आणि लाल मखमलीवर लेकीच्या शेजारी जागा करून आडवी झाली.

दादांनी माझ्याकडे बघितलं, मी हरेशकडे. भोईर दारातली बादली उचलून रेडिएटरसाठी पाणी आणायला गेला.